एका गाडीचा भत्ता

पंचगिरी करून कुणी माडी बांधली, असं कधी ऐकलंय? पंचकाकांनी तर नाहीच बांधली. आठवडाभर तसबिरींच्या दुकानात काचा कापायच्या, चौकटी जोडायच्या आणि रविवारी शिट्टी घेऊन हौशी फुटबॉलच्या सामन्यांना पळायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा उद्योग. उद्योग कसला, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, असं त्यांची बायको म्हणायची. सामन्याचं मानधन इतकं, की त्यात दोन माणसं पोटभर जेवली तरी खूप. बरा म्हणावा असा एक प्रवासभत्ताच होता. स्वतःची गाडी आणली की किलोमीटरमागे ठरलेले पैसे. त्यातून पेट्रोल निघायचं आणि कधीमधी टायरची सोय व्हायची. "तुमच्यापेक्षा तुमचं ते खटारं जास्त कमावतं," हेही बायकोचंच वाक्य.

भत्त्याचा नियम कडक होता. एका गाडीला एक भत्ता. गाडीत चार पंच कोंबून आणा, पैसे फक्त गाडीवाल्याला. त्यामुळे बाकीचे पंच हुशार झाले होते. एका गल्लीतले तिघं तीन गाड्या घेऊन यायचे आणि वर दर वाढवून द्या म्हणून कुरकुरायचे. पंचकाका त्यांना झापायचे. पैशासाठी येता की खेळासाठी, असं भर मैदानात विचारायचे. मग कोण त्यांच्या नादी लागतंय!

त्यांच्या गाडीत शेजारची जागा मात्र ठरलेली. तिथे त्यांचा भिडू बसायचा. हा भिडू औषधांच्या दुकानात कामाला, दोन गल्ल्या सोडून राहणारा, आणि मैदानात रेषेवरून निशाण घेऊन पळणारा लाइनमन. त्याला त्या भत्त्यातली दमडी मिळत नसे. पंचकाका अर्धे पुढे करायचे, तो हात झटकून टाकायचा. अरे, बसने आलास तर तिकिटाचे तरी मिळतील, असं म्हटलं तर म्हणायचा, बसमध्ये भांडायला कोण आहे? खरंच, जाता-येता दोघं नुसते भांडत असायचे. एखादा खेळाडू ऑफसाइड होता की नव्हता, एवढ्यावर अख्खा रस्ता सरायचा. त्या गाडीतलं भांडण हेच त्या दोघांचं सुख होतं, दुसरं काही नाही.

मग पंचकाकांचे डोळे बिघडले. समोर बघितलं की बरोबर मधोमध धुरकट डाग. कडेचं दिसायचं, मधलं गायब. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा मोतीबिंदू नव्हे, काढला आणि झालं म्हणायला. मागचा पडदाच खराब झालाय. आहे तेवढं सांभाळा आणि गाडी चालवणं आजपासून बंद. पंचकाकांनी मान हलवली आणि घरी येऊन सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची! दुकानात काच कापायचं काम त्यांनी हळूच दुसऱ्याकडे सरकवलं, स्वतः खिळे ठोकत बसले. पण मैदानाचं काय? डोळ्यांचं कळलं की शिट्टी जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि रविवार गेला की या माणसाजवळ काय उरणार होतं? सहा दिवसांचे खिळे. त्यांना त्याची फार धास्ती वाटायची.

गाडीतलं बोलणं बदललं ते तेव्हापासून. भिडू ऑफसाइडवरून भांडेना. पुढे टेम्पो उभा आहे हं, जरा डावीकडे घे, वळण आलं बघ, असं आपलं सहज बोलल्यासारखं बोलायचा. दिसतंय रे, म्हणून पंचकाका खेकसायचे, आणि तो म्हणेल तसंच चाक फिरवायचे. मैदानातही तीच तऱ्हा. चेंडू दिसो न दिसो, कडेला भिडूचं निशाण हललेलं दिसायचं. निशाण वर गेलं की शिट्टी वाजायची. कुणाला संशयही आला नाही. उलट पंचकाका यंदा फार विचार करून निर्णय देतात, अशी तारीफ झाली. दोघांनी यावर आपसात चकार शब्द काढला नाही. इतकी वर्षं बरोबर घालवलेल्या माणसांना काही गोष्टी बोलताच येत नाहीत.

एका संध्याकाळी परत येताना, चांगला उजेड असताना, सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी एक बाई पंचकाकांना दिसलीच नाही. भिडूने हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. तो खाली उतरला, तिचं सांडलेलं सामान पिशवीत भरून दिलं, तिच्या शिव्या निमूट ऐकल्या आणि परत येऊन बसला. घर येईपर्यंत पंचकाका बडबडत राहिले, लोक हल्ली न बघता रस्त्यात घुसतात म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! पण घरी पोचल्यावर किल्ली गाडीलाच ठेवून ते घरात गेले.

पुढच्या रविवारी भिडूचा फोन आला. दुकानात काम निघालंय, मी तिथून परस्पर बसने येतो. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पंचकाका एकटे गेले. रस्ता पाठ होता, पण रस्त्यावरची माणसं थोडीच पाठ असतात? जीव मुठीत धरून, पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांमागे ते कसेबसे जाऊन आले.

महिनाअखेरीला पैसे घ्यायला गेले तेव्हा संघटनेचे चिटणीस वैतागले होते. म्हणाले, तुमच्या भांडणाचा भुर्दंड आम्हाला कशाला? तुमच्या गाडीचे पैसे आहेतच, वर त्याच्या बसची तिकिटं. पंचकाका म्हणाले, भांडण कसलं, रविवारीही दुकान असतं त्याचं. चिटणीस हसले. ते औषधांचं दुकान चिटणिसांच्याच घराखाली होतं, आणि रविवारी त्याला कुलूप असायचं.

पंचकाका तडक भिडूच्या दुकानात गेले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत कसेबसे थांबले आणि म्हणाले, माझ्या गाडीत बसायची भीती वाटत होती तर तोंडावर सांगायचं होतंस.

"भीती वाटते," भिडू म्हणाला. "पण म्हणून नाही उतरलो. मी शेजारी बसतो म्हणून तू चालवतोस. मला वाटलं, मी उतरलो की तूही उतरशील. तर तू एकटाच निघालास. बसमध्ये पुढची जागा धरून बसतो मी. सगळा रस्ता कडेला बघत येतो, तुझी गाडी कुठे उलटलेली दिसते का."

पंचकाकांचा राग जागच्या जागी विरला. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर ते बसले आणि तोंडावर हात धरून रडले. भिडूने दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं. चिटणिसांना काही सांगितलंस का, असं पंचकाकांनी डोळे पुसत विचारलं. तो म्हणाला, नाही, ते तुझं तू सांग.

सांगायचंच ठरवून पंचकाकांनी तिथूनच फोन लावला. पलीकडे घंटी वाजत होती तेवढ्यात त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डोळ्यांचं सांगितलं की पहिला प्रश्न, कधीपासून? मग वर्षभराचा एकेक सामना उकरला जाणार, हरलेले संघ अंगावर येणार. आणि दुसरा प्रश्न, निशाण कोण दाखवत होता? ज्याने जाणूनबुजून झाकलं, त्याला संघटना ठेवेल होय?

त्यांनी चिटणिसांना एवढंच सांगितलं, की या रविवारपासून माझं नाव काढा. चिटणीस गडबडले. सकाळी बोललो ते मनावर घेतलंत का, म्हणाले. भत्त्यावरून सोडताय का?

"हो," पंचकाका म्हणाले. "परवडत नाही."

भिडूने फोन घ्यायला हात पुढे केला. पंचकाकांनी त्याचा हात घट्ट धरून ठेवला आणि फोन बंद झाल्यावरच सोडला. मग त्याच्याकडून वचन घेतलं, कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून. त्याला ते मुळीच पटलं नव्हतं, पण दिलं.

घरी बायकोला मात्र सगळं सांगितलं. ती आधी खूप चिडली, मग त्यांचा चष्मा काढून पुसत बसली. गाडी विकली. बाहेर बोभाटा व्हायचा तो झालाच. ज्या पंचांना त्यांनी भर मैदानात झापलं होतं, ते आता टाळ्या देऊन हसत होते, की बघा, शेवटी म्हातारा पैशावरच गेला. भिडूला ते सगळं ऐकावं लागायचं. रविवारी सामना आटोपला की तो बसमधून उतरून थेट पंचकाकांकडे यायचा आणि झालेला खेळ सांगायचा. पंचकाका ऐकून घ्यायचे. भांडण काही व्हायचं नाही. बघितलंच नाही, तर भांडणार कशावर?

एका संध्याकाळी नवरा-बायको दारात बसले होते. समोर कुणीतरी येऊन थांबलं. चेहरा दिसला नाही, पण आवाजावरून पंचकाकांनी ओळखलं, एका संघाचा जुना कप्तान.

"काय पंचकाका, जन्मभर शिट्टी वाजवलीत आणि पेट्रोलच्या पैशांवरून सोडलीत? किती वाढवून मागितले होते?"

बायको ताडकन उठली. पंचकाकांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"दुप्पट," ते म्हणाले.