शेवटचे सहा बिंदू

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेतली निम्मी उपकरणं खाऱ्या हवेनं गंजलेली असत आणि पावसाळ्यात ग्राफपेपरसुद्धा सादळायचा. त्यामुळे रीडिंग कधी धड येतच नसे. सरांचा तोडगा सोपा होता. "अगो, उत्तर पुस्तकात आहे ना? मग रीडिंग तिकडे ने, नि जर्नल आण सहीला." आधी कळस मग पाया. आम्ही त्यात इतक्या तरबेज झालो की याला लबाडी म्हणतात, हे कुणाच्या मनातही येत नसे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. शिक्षण संपलं आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं मला मुलाखतीला बोलावलं. पत्रासोबत एक तक्ता होता: आपल्या आकाशगंगेसारख्या एका सर्पिल दीर्घिकेच्या तबकडीतला वायू केंद्रापासून किती दूर, किती वेगानं फिरतो. आलेख काढा, काय दिसतं ते लिहा, इतकंच काम. ती जागा मिळावी, याखेरीज मला आयुष्यात काही नको होतं.

ग्रह सूर्यापासून जितका लांब तितका सावकाश, हे मला पाठ होतं. कडेचा वायूही तसाच रेंगाळायला हवा. पण शेवटचे सहा बिंदू खाली यायलाच तयार नव्हते. त्यांचीही यंत्रं गंजली असतील, असं म्हणत मी हसले आणि रबर घेऊन सहाही बिंदू खाली उतरवले. रेघ कशी झोकात उतरली. आई म्हणाली, "सुरेख काढलंयस हो!"

मुलाखतीत एका बाईंनी कागद बराच वेळ पाहिला. "शेवटचे सहा कुठे गेले?"

"चुकीचे वाटले."

"मापं बरोबर आहेत. बाहेरच्या तबकडीला न दिसणारं काहीतरी ओढून धरतं, असा अंदाज आहे. उत्तर नको होतं तुमच्याकडून. ते बिंदू खटकतात का, एवढंच पाहायचं होतं."

खटकले होते. खटकले होते आणि मीच ते खोडले, हे मला आजही सहन होत नाही.

नकाराचं पत्र आलं. मग त्याच गंजक्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. सर निवृत्त झाल्यावर जर्नलांवर मी सह्या करू लागले.

एका पावसाळ्यात एक विद्यार्थिनी जर्नल घेऊन आली. एक बिंदू रेघेपासून भलताच लांब होता. "मॅडम, तीनदा केलं. तिन्ही वेळा तिथेच येतोय."

असू दे तिथेच, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण दुसऱ्या दिवशी परीक्षक यायचे होते. मी रबर तिच्यापुढे सरकवलं.