ग्रोनिंगनमध्ये ऐकलेला नाटककार

ब्रेडाहून ग्रोनिंगन म्हणजे नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाकडून उत्तर टोकाकडे. इथले लोक हे अंतर सांगताना आवाज गंभीर करतात. मला पुण्याहून सोलापूरला निघाल्यासारखं वाटत होतं. तरी गालिनाने दोन दिवस पुरेल इतकं खाणं बांधून घेतलं होतं.

गालिना माझी शेजारीण. युक्रेनमध्ये ती कॉलेजात नाटक शिकवायची; युद्धामुळे इकडे आल्यापासून गोदामात खोकी भरते. ती खोकी कुठे जायची हे ठरवणारं सॉफ्टवेअर मी लिहिते, म्हणजे आमच्या मैत्रीला व्यावसायिक पायाही आहे. ग्रोनिंगनच्या एका वाचनालयाने तिला एकोणिसाव्या शतकातल्या तिच्या आवडत्या नाटककाराविषयी बोलायला बोलावलं होतं. इथे आल्यापासून प्रथमच कोणी तिला खोक्यांखेरीज काही विचारलं होतं. ती युक्रेनीत बोलणार, मी इंग्रजी भाषांतर वाचणार. नाटककाराचं नाव मला अखेरपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

वाटेत झ्वोले स्टेशनवर सगळ्यांना गाडीतून उतरवलं. पुढे रुळांचं काम चालू होतं. बदली बस शोधण्यात तास गेला. ग्रोनिंगनला उतरल्यावर घाईत आयरबाल (उकडलेल्या अंड्याभोवती सारण लावून तळलेला गोळा) खाल्ला. दिसायला थेट बटाटावडा. चवीची जबाबदारी मात्र तो घेत नाही.

वाचनालयात चार श्रोते उरले होते. "अकरा होते," ग्रंथपालबाई प्रांजळपणे म्हणाल्या. चौघांतले एक आजोबा कॉफी संपायची म्हणून थांबलेले.

"परत जाऊ या का?" मी विचारलं.

"त्याच्या नाटकांना परवानगीच मिळत नसे," गालिना म्हणाली. "मला चार माणसं मिळालीत."

मग तिने त्याचं आयुष्य सांगितलं. रशियाच्या झारच्या सरकारने त्याच्या युक्रेनी भाषेची गळचेपी केलेली, आणि हा त्याच सरकारच्या पोलीस कचेरीत कारकून. दिवसा सरकारची कागदपत्रं लिहायची, घरी येऊन त्या भाषेत नाटकं. अखेर नोकरी गेली, हद्दपारी झाली. परक्या गावात पुस्तकं बांधून त्याने पोट भरलं. पोलिसांचा कारकून आता पोलिसांच्या नजरेखाली होता.

इथे आजोबा मोठ्याने हसले. गालिना थांबली.

"माफ करा," ते म्हणाले. "लहानपणी शाळेत आम्ही ग्रोनिंग्स (इथली बोली) बोललो की मास्तर ओरडायचे. मास्तर घरी तेच बोलायचे."

मी हे गालिनाला इंग्रजीत सांगितलं. तीही हसली. आजोबा म्हणाले, "आता एक प्रवेश तुमच्या भाषेत करून दाखवा."

तिने जमिनीची हाव सुटलेला एक म्हातारा उभा केला. पाठ वाकली, बोटं हवेत बांध कोरू लागली. माझ्यासकट कोणाला एक शब्द कळला नाही, आणि कोणी उठलंही नाही. गोदामातली गालिना मला त्या खोलीत कुठेच दिसेना.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "हे सगळं तू लिही. तुझ्या भाषेत."

मी टाळाटाळ केली. म्हटलं, ऑफिसात इंग्रजी, खेमेन्तेत (नगरपालिकेत) डच, इथल्या इतर भारतीयांशी हिंदी; मराठी उरते ती आईच्या फोनपुरती. माझ्या मुलीला कळते, पण ती उत्तर डचमध्ये देते.

गालिनाने सहानुभूतीने विचारलं, "तुमच्या भाषेवर बंदी कोणी घातली?"

"कोणीच नाही," मी म्हणाले.

तिला वाटलं, मला तिचं इंग्रजी समजलं नाही. तिने प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला.