काकांच्या कोटाची बाही

काका तीनदा अंटार्क्टिकाच्या मोहिमांवर गेले होते. ते वारल्यावर माणिकपूरच्या एका शाळेच्या खोलीत त्यांच्या वस्तूंचं छोटं संग्रहालय करायचं ठरलं, आणि मी इतिहास शिकवते म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मला हौसही होती, खोटं कशाला बोलू? होकायंत्र, बर्फातले बूट, दाढीचं सामान, सगळं काकीनं शोधून काढलं. मला मात्र खरा हवा होता तो कोट. काका बर्फाच्या भेगेत पडता पडता वाचले, तेव्हा त्याची बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाटली होती. तो किस्सा आम्ही शंभरदा ऐकलेला.

काकीनं कोट आणला तो धुऊन, वाडीतल्या उन्हात वाळवून, छान घडी घालून. आणि बाही शिवलेली! टाके इतके बारीक की फाटलं होतं कुठे, ते शोधावं लागलं.

मी कपाळावर हात मारला. उपवासकाळात चर्चमध्ये गरिबांसाठी कपडे गोळा होतात, तेव्हा आमच्या बायका असंच करतात. तुटलेलं बटण लावल्याशिवाय, उसवलेलं शिवल्याशिवाय कपडा घराबाहेर जात नाही. पण हे काही दान नव्हतं.

"काकी, लोक ती फाटकी बाहीच बघायला येणार," मी वर्गात बोलते तशा चढ्या आवाजात म्हटलं.

"फाटका कोट मांडणार? लोक म्हणतील, याला बायको नव्हती काय?"

मला हसू आलं. मी कात्री घेतली आणि तिच्यासमोरच मनगटाकडून टाके उसवायला बसले. थोड्या वेळानं तिनं हात पुढे केला. मला वाटलं, अडवतेय. तर तिनं कोट ताणून धरला, मला सोपं जावं म्हणून.

"तुझे काका घरी यायचे ते सगळं आपलं आपण शिवून," ती म्हणाली. "सुईदोरा खिशातच असायचा. हा कोट तेवढा मिरवायला फाटका ठेवलेला. म्हणून एवढा एक मला मिळाला शिवायला."

माझा हात तिथेच थांबला. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

कोट आता काचेमागे आहे. येणारे विचारतात, बाही अर्धीच का शिवलीय?

मी सांगते, पूर्ण शिवली होती. अर्धी मी उसवली.