एकही चूक नसलेला लेख

ईरा, निनाद,

रविवारी तुम्ही थायरॉइडवरचा एक लेख पाठवलात आणि विचारलंत, "आजी, इंग्रजी तर छान आहे, मग खरा असेल ना?" हाच समज तुमच्या आजोबांच्या जिवावर बेतला होता. आजवर सांगितलं नव्हतं, आता सांगते.

दोन वर्षांपूर्वी कारेलीबागेतल्या डॉक्टरांनी आजोबांचा रिपोर्ट समोर ठेवला. "क्रिएटिनिन वाढलंय. क्रॉनिक किडनी डिसीज आहे." म्हणजे मूत्रपिंडं हळूहळू काम सोडत होती. "मीठ कमी करा. महिन्याने पुन्हा रक्त तपासू."

घरी येऊन मी वाचायला बसले. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. लेख छापून घेतले आणि लाल पेन्सिलीने तपासले. स्पेलिंग चुकलं की लेख बाद. एक मात्र निर्दोष होता. त्यात रक्तदाबासाठी लो-सोडियम मीठ सुचवलं होतं. मी ते आणलं, बरणीवर लेबल लावलं आणि आमटी-भाजीत निर्धास्तपणे घालू लागले.

खालच्या मजल्यावरच्या जयाबेन निवृत्त नर्स. बरणी पाहून गुजरातीत म्हणाल्या, "बेन, किडनीवाळाने आ मीठुं नहीं चाले. डॉक्टरने पूछो ने!" म्हणजे किडनीच्या पेशंटला हे मीठ चालत नाही, डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी चिठ्ठीही पाठवली. तिच्यात 'पोटॅशियम' दोनदा लिहिलं होतं, दोन तऱ्हांनी, दोन्ही वेळा चुकीचं. मी हसले आणि चिठ्ठी फ्रिजवर मॅग्नेटखाली अडकवून ठेवली.

तीन आठवड्यांनी आजोबांच्या पायांतलं बळच गेलं. खुर्चीतून उठवेना. समा भागातल्या हॉस्पिटलात ईसीजी काढला.

"हायपरकॅलेमिया," डॉक्टर म्हणाले. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदयाचे ठोके बिघडले होते. "मीठ कुठलं वापरता?"

मी सांगितलं.

"त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आजी. निरोगी किडनी ते बाहेर टाकते. यांची टाकू शकत नाही."

आयसीयूबाहेरच्या बाकावर मी तो लेख फोनवर पुन्हा वाचला. तो खोटा नव्हता. किडनीचा आजार असणाऱ्यांनी हे मीठ घेऊ नये, असं शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं. खाली त्याच मिठाची जाहिरात. इशाऱ्याची ती ओळही मी तपासली होती. स्पेलिंग बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी आजोबा बोलले. "काय गं, किती मार्क दिले होतेस त्या लेखाला?"

"दहापैकी दहा."

"अरे वा! म्हणजे नापास मीच होणार होतो."

त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं.

आता कुठलाही लेख आला की मी आधी पाहते, लिहिणारा कोण, कोणासाठी लिहिलंय, तो काही विकतोय का. मग डॉक्टरांना दाखवते. तुमचा लेखही तुमच्या डॉक्टरांकडे न्या. माझ्याकडे फक्त व्याकरण आहे.

आजोबांच्या मूत्रपिंडांचं काम आता थोडंच उरलंय. डायलिसिस अजून लागलेलं नाही. जयाबेनची चिठ्ठी फ्रिजवर आहे, न सुधारता. आणि अळणी आमटीला रोज नावं ठेवणारे आजोबा आहेत.