लायसनाला लावलेलं कुंकू

चिखलीजवळच्या कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनावर आमचे हे चौकीदार होते. यांच्या आधीच्या चौकीदाराला चोरांनी कुऱ्हाडीनं आडवं केलं, तेव्हा कुठं शेठला बंदूक घ्यायची सुचली. इंग्रजांचं राज्य होतं. पोलीस पाटलाचा चालचलणुकीचा दाखला, ठाण्यातली चौकशी, तहसिलीचे हेलपाटे, एवढं झाल्यावर लायसन हाती आलं. त्यावर शेठच्या नावाखाली, बंदूक वागवणारा माणूस म्हणून, यांचं नाव शाईनं लिहिलेलं होतं. नाव नसताना बंदुकीला हात लावला तर सरळ तुरुंग. हे मला दहादा सांगायचे आणि मी दहादा हो म्हणायची.

दसऱ्याला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं मांडून पूजतात. विळा, कुऱ्हाड, आणि त्या वर्षी बंदूक. हत्याराची पूजा करायची तर त्याच्या हुकमाच्या कागदाचीही करावी, असं माझ्या मनानं घेतलं. वाचायला मी फार उशिरा शिकले, पण शहाणपणा तेव्हाही उतू जात होता. ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि शाई ठळक दिसली तिथं चांगलं ठसठशीत लावलं. वाळल्यावर कागद घडी करून पेटीत ठेवला.

वर्ष सरत आलं. लायसन नवं करून घ्यायचं म्हणून यांनी घडी उघडली, तर नावाच्या जागी लाल-निळा डाग. हे मटकन खाली बसले.

"हे काय करून ठेवलं व? आता म्हणतीन, याले नाव पुसून दुसऱ्याचं टाकाचं होतं."

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं यांच्यासोबत तहसिलीत गेले. हे आत गेले, मी दाराशी थांबले. कारकुनानं कागद उजेडात धरला.

"कोणी केलं हे?"

"म्या, सायेब," हे म्हणाले.

"सरकारी कागदावरचं नाव पुसलं? ठाण्यात पाठवू काय तुले?"

परक्या पुरुषापुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. तरी डोक्यावरचा पदर ओढून आत शिरले.

"यायनं नाही केलं सायेब, म्या केलं. दसऱ्याले बंदुकीसंगं कागदबी पुजला."

कारकुनानं उठून कपाटातलं रजिस्टर काढलं. त्यात यांचं नाव होतं. तुरुंग टळला. पण नवा कागद येईपर्यंत बंदूक ठाण्यात जमा करायची, असा हुकूम झाला. त्याला महिना तरी लागणार होता.

बाहेर आल्यावर यांना हसू फुटलं. "घाबरू नको. तुई पूजा देवाले पावली."

मला हसू येईना. कापसाचा ऐन हंगाम, जिनात रुईचे ढीग. संध्याकाळी हे नुसती काठी घेऊन निघाले. आधीच्या चौकीदाराजवळही काठीच होती.

"आजच्या दिवस नोका जाऊ," मी म्हटलं.

"मंग शेठ दुसरा माणूस पाहीन."

हे दिसेनासे होईपर्यंत मी दारात उभी राहिले. चोरांची भीती होतीच. पण यांचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या हातानं झालेलं असेल, ही भीती कोणाला सांगायचीही सोय नव्हती. आत येऊन देवापुढं दिवा लावला. हात जोडायची मात्र हिंमत झाली नाही.