तिसऱ्या चिमटीचा दाणा

त्या दिवशी कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कुणी काही म्हणायला नको. मी होते. माझा लेक होता. माझी नात होती, तिच्यासाठीच सगळं चाललं होतं. मी जिच्याकडं भांडी घासते ती पुण्याची मॅडम होती. आमची घरमालकीण होती, कानडी, तिला आम्ही अक्का म्हणतो. आणि मॅडमच्या फोनमध्ये माझा थोरला भाऊ होता, तिकडं पाड्यावर ओट्यावर बसलेला. सून शिफ्टला गेली होती. तिला साक्षीला धरू नका.

हे नात लिहून घेतेय. मला सहीपुरतं येतं, तेसुद्धा कागद कुणी घट्ट धरला तर. तिच्या कॉलेजातल्या पोरांनी घरोघरच्या म्हाताऱ्यांकडून आठवणी गोळा करायचं काढलंय, आपल्या आदिवासी पोरांना इंजिनिअर व्हायला धीर यावा म्हणून. धीर देण्यासारखं माझ्याकडं फार नाही. एक तांदळाचा दाणा आहे, तेवढा सांगते.

आम्ही डोंगराकडचे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मुकादमानं टोळीत घालून बंगलोरला आणलं, चर खणायला. पाण्याचे चर, फोनचे चर, पुढं कसल्या कसल्या वायरींचे चर. इथल्या एचएसआर नावाच्या बड्या वस्तीत आज जिथं कुत्र्यांना स्वेटर घालून फिरवतात, तिथला रस्ता मी आतून बघितलाय. मॅडमच्या बिल्डिंगीपुढचा चर माझ्याच हातचा. मी तिला एकदा कौतुकानं सांगितलं, "या वायरीचा खड्डा मी खणलाय." ती म्हणाली, "आजी, मग नेट एवढं स्लो का आहे?"

एकदा चर ढासळला. नवरा आत होता. तिसऱ्या दिवशी मी परत कुदळ धरली, कारण चर अर्धा राहिला होता आणि लेक काठावर बसून भाकरी मागत होता. यापेक्षा जास्त त्यात सांगायचं काही नाही.

तो लेक मोठा झाला आणि इथंच शहराबाहेर बोम्मसंद्राला एका कारखान्यात हेल्पर लागला. तिथं पत्रा दाबायच्या मशीननं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. तेव्हापासून त्यानं मशीन या जातीशी वैर धरलं. सुनेनं हप्त्यावर मिक्सर आणला तर त्यानं तो ट्रंकेत घालून कुलूप लावलं. अजून आम्ही चटणी पाट्यावरच वाटतो.

आणि पोरगी निघाली कशाला, तर म्हणे मेकॅनिकल इंजिनिअर व्हायला.

त्याला कारण मॅडम. ती शनिवार-रविवार आमच्याकडच्या आणि आजूबाजूच्या आदिवासी पोरांना गणित-विज्ञान शिकवायची. बाई मनानं सोनं, पण धीर द्यायची तिला भारी घाई. एकदा तिच्या हापिसात कार्यक्रम होता, तर मला निरोप आला, "आजी, तुमच्या पारंपरिक वेशात या." मी रोजच्या लुगड्यात गेले. तिथल्या एका पोरानं विचारलं, "पारंपरिक ड्रेस कुठंय?" मी म्हटलं, "धुवायला टाकलाय." त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

नात बारावी चांगली पास झाली. मॅडमच्या ओळखीनं एका कॉलेजात आदिवासी पोरींसाठी राखलेली जागा मिळाली, राहायची सोयसुद्धा. फक्त रविवारी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर 'येते' असं बटण दाबायचं होतं. नाही दाबलं तर जागा दुसरीला. आणि पोरगी म्हणाली, "बाबा हो म्हणाल्याशिवाय मी दाबणार नाही." आजोबावर गेलीय. तोही ढासळणाऱ्या चरातून कुणी हाक मारल्याशिवाय निघाला नसता.

रविवारी दोन वाजता मॅडम स्कूटरवरून लॅपटॉप घेऊन आली. वर पत्रा तापून खोलीची भट्टी झालेली. तिनं लेकाला फोटो दाखवला, एक पोरगी डोक्यावर पिवळं टोपडं घालून रॉकेटपुढं उभी.

"ही कोण?" लेकानं विचारलं.

"ही म्हणजे... अशी कुणीही होऊ शकते."

"तुमच्या वळखीची हाय?"

"नाही, नेटवरून घेतलाय फोटो."

"मग हिची बोटं मोजलीत का?"

मी म्हटलं, "अरे, इंजिनिअरला बोटं असतात. जातात ती हेल्परची. म्हणून तर तिला इंजिनिअर करायची."

"आये, तू मधी बोलू नगं. मामाला इचार. दाणे बघू दे. देव हो म्हनला तर मी आडवा येनार न्हाई."

आता हे दाणे म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडं मोठं काम काढायचं तर भगत तांदूळ बघतो. सुपात एक चिमूट दाणे टाकायचे आणि दोन-दोन बाजूला सारायचे. सगळे जोडीनं गेले तर देव हो म्हणाला. एक मागं उरला तर नाही. अशा तीन चिमटी, तीनात दोन. जो अडून बसलाय त्यानं चिमूट टाकायची, म्हणजे नंतर कुरकुर नको. माझा भाऊ भगत आहे. फक्त तो तिकडं, आम्ही इकडं, आणि घड्याळात साडेतीन.

मॅडम म्हणाली, "व्हिडिओ कॉल करू या ना!" तिला उलट आनंदच झाला. तिनं फोन हंड्याला टेकवून उभा केला. भाऊ दिसला, अर्धं कपाळ आणि वरती कौलं.

"दादा, तोंड दाखव."

"तोंडाचं काय करतीस बाय? सूप दाखव. तांदूळ कुठला?"

"रेशनचा."

गावच्या भाताचे दाणे लागतात खरं तर. मग म्हणाला, "चालंल. सरकारचा का आसना, तांदूळ त्यो तांदूळ."

लेकानं पहिली चिमूट टाकली. तीन बोटांची चिमूट ती, निम्मे दाणे जमिनीवर. मॅडम खाली वाकून गोळा करायला लागली तर भाऊ फोनमधून ओरडला, "पडल्याला दाना देवाचा न्हाई, कोंबडीचा!" सुपातले मी सारले. जोडीनं गेले. हो.

दुसरी चिमूट. शेवटी राहिला एक दाणा आणि एक तुकडा. रेशनचा तांदूळ, तुकडा निघणारच. आता तुकडा धरला तर जोडी, म्हणजे हो. नाही धरला तर एकटा, म्हणजे नाही. खोलीत कोर्ट भरलं.

"अर्ध्याहून मोठा आहे," मॅडम म्हणाली. "अर्ध्याच्या पुढचं पूर्ण धरतात."

"कुठं धरत्यात?" लेक म्हणाला.

अक्का दारात पापड वाळवत होती, ती आत आली, सुपात बघून म्हणाली, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." थोडं सांभाळून घ्या म्हणे. इथं भाड्यापासून नवऱ्यापर्यंत सगळ्याला हेच औषध.

नात कोपऱ्यात बसली होती, तिला राहवेना. "तुकडे आधीच निवडून काढायला हवे होते. आता काढले तर ते मनासारखं करणं झालं."

म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा! मी तिच्याकडं डोळे वटारले. तिला काही नाही.

भावानं निवाडा दिला, "तुटका दाना धरत न्हाई." नाही.

एक हो, एक नाही. तिसऱ्यावर सगळं. सव्वाचार.

लेकानं तिसरी चिमूट टाकली. मी जन्मभर धान्य निवडलंय, पाखडलंय. मला दाणे मोजावे लागत नाहीत. सुपात बघितलं आणि कळलं, एक उरणार.

मी सावकाश सारायला लागले. दोन, दोन, दोन. तेवढ्यात फोनवर भावाचं चित्र अडकलं, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. मॅडम "हॅलो, हॅलो" करत फोन उचलून वर पत्र्यापाशी धरायला लागली, काच खाली आमच्याकडंच. लेक तिकडं बघायला लागला. अक्का पण. मी बोट जिभेवर ओलं केलं, एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला.

कच्चा तांदूळ. चावला तर आवाज, आणि चावायला दात मोजून सहा. गिळावा तर घसा कोरडा. तो गेला दाढेच्या खड्ड्यात आणि बसला.

चित्र परत हललं. भाऊ म्हणाला, "बाय, काय निघालं? तोंडानं बोल. तोंडानं बोलावं लागतंय."

मी मान हलवली.

"तोंडानं!"

मी तोंड न उघडता "हं" केलं, सुपात बोट दाखवलं आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण दाणा टोचत होता. मॅडमला वाटलं मला गहिवर आला. तिनं मला मिठी मारली आणि तीच रडायला लागली. अक्का रडली. लेकानं सुपातल्या जोड्या परत एकदा मोजल्या, सगळ्या जोड्याच. त्यानं सूप खाली ठेवलं आणि पोरीला म्हणाला, "सरी. दाब." सरी म्हणजे कानडीत बरं.

तिनं बटण दाबलं. पाचला वीस मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी मी एचएसआरला कामावर निघाले, बसस्टॉपपर्यंत नात सोबत आली. म्हणाली, "आजे, गिळलास का थुंकलास?"

"काय?"

"दाणा."

मी म्हटलं, "बस आली." बस आली नव्हती.

आठवड्यानं भावाचा फोन आला, साधाच. "बाय, फोन अडाकला त्यो तुमच्याकडं. माज्याकडं नीट दिसत व्हतं."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"मी भगत हाय, पोलीस न्हाई. पर एक हाय. खाल्ल्याला दाना पोटात ठिवू नये, बोलून टाकावा लागतुया."

"कुणापाशी?"

"ते देवानं सांगितल्यालं न्हाई," म्हणाला, आणि फोन ठेवला.

नात कॉलेजात गेली. पहिली दोन वर्षं काय हाल काढले ते तिचं तिनं लिहावं. रविवारी आली की बोलायची. एका रविवारी भाकरी खाता खाता म्हणाली, "बाबा, ते पत्रा दाबायचं मशीन असतं ना, त्याला दोन बटणं ठेवतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय वरचा भाग खाली येतच नाही. म्हणजे हात आत राहायला नको. तुमच्या मशीनला तशी बटणं नव्हती का?"

लेकानं हातातला घास ताटात ठेवला. "व्हती."

"दोन?"

"दोन. एकावर चिकटपट्टी लावून ते दाबूनच ठिवल्यालं. काम बिगीनं व्हावं म्हनून."

"कुणी लावली पट्टी?"

"मीच."

इतकी वर्षं आम्ही त्या मशीनला शिव्या घातल्या. सुनेनं तर त्याला साडेसाती लागावी म्हणून नवस केला होता. मग नात पाणी प्याली आणि म्हणाली, "आपल्या घरात सगळ्यांनाच पट्टी लावायची सवय आहे." आणि माझ्याकडं बघितलं.

लेक हसला. मोकळा हसला, बोटं गेल्यापासून पहिल्यांदा. त्याला वाटलं ती त्याच्याबद्दलच बोलतेय. मी काही हसले नाही, मी चटणी वाढली. त्याच संध्याकाळी त्यानं ट्रंकेचं कुलूप काढलं. मिक्सर काही चालला नाही, आत झुरळांनी घर केलं होतं. नात तो खोलून बसली आणि लेक शेजारी बसून तिला स्क्रू धरून देत होता, तीन बोटांत एक-एक.

तर दाणा बोलून झाला. भावानं सांगितलं तसा.

आता वाचणाऱ्याला एकच मागणं. तुम्ही बोम्मसंद्राकडं कधी आलात आणि माझा लेक भेटला, तर हे त्याला सांगू नका. पोरीचं अजून एक वर्ष बाकी आहे. ते झालं की मी स्वतः सांगेन.