उजवा हात पाठीमागे

भंडाऱ्याच्या आमच्या ऑफिसात फसवे ईमेल ओळखायला शिकवण्यासाठी एक तरुण प्रशिक्षक आली, एकदाच. एकोडी गावाकडची होती एवढं बोलण्यातून कळलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. पडद्यावर मेल उघडला की ती उजवा हात पाठीमागे न्यायची आणि पाठवणाऱ्याचा पत्ता मोठ्याने, अक्षर न् अक्षर वाचायची. तोवर हात माउसकडे येत नसे.

आमचे मोठे बाबू ऐटीत म्हणाले, "असे मेल मले नेहमीच येतात. मी गुपचूप डिलीट करून टाकतो."

ती हसली. "काकाजी, धानाचा रोवणा चालू असताना बांधीतल्या पाण्यात साप दिसला, त तुम्ही गुपचूप बाजूले सरकता का? दुसऱ्याचा पाय पडू नये म्हणून ओरडता ना? मंग इथं काहून गुपचूप?"

आम्ही सगळे धानाच्या चिखलात वाढलेले. याहून जास्त सांगायची गरजच नव्हती.

पुढच्याच महिन्यात साहेबांच्या नावाने सगळ्यांना मेल आला: लिंक उघडा, ताबडतोब पासवर्ड टाका. बाबू खुर्चीवरून उठून ओरडले, "साप! कोणी हात लावू नका!"

मी मान वर केली. अख्ख्या ऑफिसाचे उजवे हात पाठीमागे गेले होते.

बाबूंनी लगेच नागपूरच्या कॉम्प्युटर विभागाला फोन लावून मेलची खबर दिली. किती जण फसले, असं पलीकडून विचारलं असावं. बाबूंची छाती फुगली.

"एकही नाही जी. आमच्याकडे साप दिसला की ओरडतात."